उशीपासून मोजा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील कोजागरीच्या कार्यक्रमात, ऑक्टोबर २०२५ मध्ये गच्चीवर केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना काही ठिकाणी आकडे नीट मांडले आहेत, बाकी जसे बोललो तसे ठेवले आहे.)



मी काही वक्ता नाही. भिगवण रोडला माझं टीव्हीचं दुकान आहे हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. सोसायटीतल्या निम्म्या घरांतले टीव्ही मी बसवलेत आणि उरलेल्या निम्म्या घरांतले बिघडल्यावर मी उघडलेत. पंचवीस वर्षांत या गच्चीवर मी खुर्च्या लावल्या, लाइटच्या माळा ओढल्या, पातेलं खालून वर आणलं, पण माईक कधी हातात धरला नाही. या वेळी सेक्रेटरी दुकानात येऊन बसले आणि म्हणाले, "या वर्षी तुम्ही बोलायचं." मी म्हणालो, "साहेब, मला टीव्हीशिवाय काय येतं?" ते म्हणाले, "मग टीव्हीवर बोला. फक्त विकू नका."

तर विकत नाही. आणि विषयही मला शोधावा लागला नाही. गणपतीच्या आरतीनंतर, जिन्यात, पार्किंगमध्ये, दूधवाल्याच्या समोर, गेला महिनाभर मला एकच प्रश्न येतोय : "बेडरूमला केवढा घेऊ?"

हा प्रश्न आत्ताच का येतोय, तेही सांगतो. २२ सप्टेंबरपासून टीव्हीवरचा जीएसटी बदलला. २०१९ च्या जानेवारीपासून असं होतं की ३२ इंचांपर्यंत १८ टक्के आणि त्याच्या वर २८ टक्के. म्हणून बेडरूमला ३२ हे आपल्याकडे ठरूनच गेलं होतं. ते खोली मोजून ठरलेलं नव्हतं, टॅक्समुळे ठरलेलं होतं. आता सगळ्याच टीव्हींना १८ टक्के. ज्याची मूळ किंमत २५,००० तो ३२,००० ला पडायचा, आता २९,५०० ला पडतो. अडीच हजार वाचले. त्यात दिवाळी आली. त्यामुळे ज्यांच्या बेडरूममध्ये ३२ आहे ते ४३ म्हणतात, आणि ज्यांनी ४३ ठरवला होता ते ५५ म्हणतात. टॅक्स उतरला हे खरं, पण आपल्या बेडरूम त्यामुळे वाढल्या नाहीत. त्या २००० साली बिल्डरने दिल्या तेवढ्याच आहेत, १० बाय ११.

मूळ मुद्द्यावर येण्याआधी थोडं मागे जातो.

माझं गाव लासुर्ण्याजवळ, इंदापूर तालुक्यात. १९८७ साली मी सोळा वर्षांचा होतो. त्या वर्षी जानेवारीत दर रविवारी सकाळी रामायण सुरू झालं. आमच्या वस्तीवर एकाच घरात टीव्ही होता. भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याचं उसाचं बिल आल्यावर त्यांनी घेतला होता. १४ इंची, ब्लॅक अँड व्हाइट. अँटेना उंच पाइपवर, तोंड सिंहगडाकडे, कारण पुण्याचं प्रक्षेपण सिंहगडावरून व्हायचं. वारा आला की एक पोरगा वर चढायचा आणि खालून सगळे ओरडायचे, "आलं, आलं… गेलं!" रविवारी लाइट हमखास जायची. मग ट्रॅक्टर अंगणात आणून त्याची बॅटरी काढायची आणि तिच्यावर टीव्ही लावायचा. तो टीव्ही बारा व्होल्टवर चालायचा. पुढे बायका, मागे पुरुष, भिंतीवर पोरं, असे पन्नास-साठ लोक त्या १४ इंचांत रामायण बघायचे. माझे वडील, आबा, सगळ्यात मागे उभे असायचे. "दिसतंय का?" विचारलं तर म्हणायचे, "ऐकू येतंय की."

हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

मी पुढे आयटीआयला रेडिओ-टीव्हीचा कोर्स केला आणि बारामतीत आधी दुरुस्तीचं, मग विक्रीचं दुकान टाकलं. तेव्हा बेडरूममध्ये टीव्ही हा विषयच नव्हता. पिक्चर ट्यूबचा २१ इंची डबा म्हणजे पाठीमागे दीड फूट खोल, उचलायला दोन माणसं, त्याला वेगळी ट्रॉली. ती हॉलमध्येच कशीबशी बसायची. टीव्ही भिंतीला चिकटला, तेव्हा तो बेडरूममध्ये शिरला. आपल्या इमारतीत बेडरूमला टीव्हीचा पॉइंटच नाही तो त्यामुळे. बिल्डरला २००० साली हे सुचणं शक्य नव्हतं, त्याला दोष देऊ नका. (बाकीच्या गोष्टींसाठी द्या.)

आता इंच म्हणजे काय ते एकदा स्वच्छ करू. टीव्हीचा इंच म्हणजे पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतची तिरकी लांबी. रुंदी नाही आणि उंचीही नाही. ३२ चा पडदा रुंदीला २८ इंच आणि उंचीला साडेपंधराच्या थोडा वर. ४३ चा साडेसदतीस बाय २१. ५५ चा ४८ बाय २७, म्हणजे चार फूट रुंद. पडद्याचं क्षेत्रफळ काढलं तर ५५ चा पडदा ३२ च्या जवळजवळ तिप्पट होतो. आकड्यात दुपटीपेक्षा कमी आणि खोलीत तिप्पट. गिऱ्हाइकाची इथेच फसगत होते. आणखी एक फसगत जुन्या लोकांची होते. त्यांच्याकडे २९ इंची डबा होता, त्यांना वाटतं ३२ म्हणजे मोठा. पण जुना पडदा चौकोनी होता, नवा लांबट आहे. उंचीला ३२ हा जुन्या २९ पेक्षा काही जास्त नाही. घरी नेल्यावर म्हणतात, माणसं बुटकी दिसतात. माणसं तेवढीच आहेत, बाजूची जागा वाढली आहे.

मग केवढा घ्यायचा? माझा हिशोब सरळ आहे. टेप घ्या आणि उशीपासून मोजा. भिंतीपासून नाही आणि पलंगाच्या कडेपासूनही नाही. ज्या उशीला टेकून माणूस बघणार, त्या उशीवर बसा, डोळ्याजवळ टेप धरा आणि दुसऱ्याला तो समोरच्या पडद्याच्या जागेपर्यंत न्यायला सांगा. जे इंच येतील त्यांना अडीचने भागा.

आपल्याच खोल्या घेऊ. ११ फुटांच्या दिशेने पलंग, डोकं भिंतीकडे. टेकून बसलेल्या माणसाचा डोळा मागच्या भिंतीपासून दीड फूट पुढे येतो, समोर टीव्ही आणि त्याचा स्टँड अर्धा फूट खातो. राहिले नऊ फूट, म्हणजे १०८ इंच. अडीचने भागलं की ४३. ज्यांनी पलंग १० फुटांच्या दिशेने लावलाय आणि समोर दोन फुटी वॉर्डरोब करून त्याच्या तोंडावर टीव्ही घेतलाय, त्यांचे राहिले साडेसहा फूट, ७८ इंच. अडीचने भागलं की ३१, म्हणजे ३२ चा घ्या. एकाच मापाची खोली, पण पलंग फिरवला की उत्तर बदललं. म्हणून कोणी मला "आमची बेडरूम १० बाय ११, केवढा घेऊ?" असं विचारलं की मी विचारतो, डोकं कुठल्या भिंतीला?

अडीच हा आकडा काही शिलालेख नाही. सिनेमाची जाणकार मंडळी सांगतात की पडद्याने डोळ्यासमोरचा ३० अंशांचा कोन व्यापावा. तो हिशोब केला तर सुमारे १.६ ने भागावं लागतं आणि आपल्या नऊ फुटांना ६५ चा टीव्ही येतो! तो हिशोब खोटा नाही. पण तो ताठ बसून, तीन तास, सगळ्यांनी मिळून सिनेमा बघण्याचा आहे. बेडरूममध्ये एक जण बघत असतो आणि एकाला झोपायचं असतं. दिवा बंद केल्यावर चार फूट रुंदीचा उजेड पलंगावर पडतो. तुम्ही दोघंही सिनेमावेडे असाल तर दोनने भागा, ५५ घ्या, मी हसत देईन. एकच वेडा असेल तर अडीच.

घरी दुसरी परीक्षाही करता येते. वर्तमानपत्राची पानं चिकटवा, साडेसदतीस बाय एकवीस मोजून कापा, आणि भिंतीवर दोन दिवस लावून ठेवा. वॉर्डरोबचं दार उघडतंय का, खिडकीची झडप अडतेय का, पंख्याचं बटण झाकलं जातंय का, हे सगळं त्या कागदावर कळतं. कागद परत करावा लागत नाही.

हे मी शिकलो ते इंदापूरकडच्या एका गिऱ्हाइकामुळे. निमगाव केतकीच्या पुढचे शेतकरी, आपण त्यांना तात्या म्हणू. मुलाचं लग्न झालेलं, नव्या जोडप्याच्या खोलीत टीव्ही द्यायचा होता. व्याह्यांकडे ५० होता, म्हणून तात्यांना ५५ हवा. मी विचारलं, "तात्या, खोली केवढी?" "खोलीचं काय घेऊन बसलायस, भिंत हाय की आख्खी." मी गेलो बसवायला. खोली ९ बाय १०. त्यात लग्नातलं नवं लोखंडी कपाट, ड्रेसिंग टेबल, शिलाई मशीन. भिंत होती, पण त्या भिंतीत खिडकी होती, आणि टीव्ही लावला की खिडकीचं एक दार उघडेना. जून महिना, लाइट गेलेली, सगळे घामाघूम. सूनबाई काही बोलेना, नवीच होती. शेवटी तात्यांच्या कारभारीणबाई आत आल्या, एकदा भिंतीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "पोरांनी वारा घ्यायचा का टीव्ही बघायचा?" तो ५५ सोप्यात लागला. अजून तिथेच आहे. तात्या नंतर मला म्हणाले, तसं बरंच झालं, व्याही आलं की तिथंच बसत्यात.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो. सेक्रेटरींना ठाऊक नाही मी ही सांगणार आहे. घरातल्यांना ठाऊक आहे, त्यांना विचारून सांगतोय.

२०१९ च्या दिवाळीत आबा न्हाणीघरात घसरले आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण वय झालेलं, पलंगावरून उठणं जवळपास थांबलं. तोपर्यंत आबा हॉलमध्ये दिवाणावर असायचे, सगळ्यांच्या मधोमध. आता पथ्यपाणी, कपडे बदलणं हे सगळं आलं, म्हणून त्यांना मागच्या बेडरूममध्ये हलवलं. मला वाईट वाटत होतं. मग मी दुकानदार माणूस काय करणार? दुकानातला ४३ इंची, त्या वेळचा सगळ्यात चांगला सेट उचलला आणि त्यांच्या समोरच्या भिंतीवर लावला.

कुठे लावला? जिथे लाइटचा पॉइंट होता तिथे. तो पॉइंट ट्यूबलाइटसाठी सहा फुटांच्या वर होता. वायर लोंबकळू नये, भिंत फोडायला नको, म्हणून त्याच्याच खाली. गिऱ्हाइकाकडे मी हे कधी करू देत नाही. स्वतःच्या घरात केलं.

गावाकडून माणसं भेटायला यायची. "आबा, मजा हाय तुमची, थेटर केलंय पोरानं." आबा म्हणायचे, "लय भारी हाय." मी दारात उभा राहून ऐकायचो आणि मला बरं वाटायचं.

डिसेंबरात एका दुपारी त्यांना खुर्चीवर बसवून बाल्कनीत उन्हाला नेलं होतं. मी जेवायला घरी आलो होतो, दमलो होतो, त्यांच्या पलंगावर आडवा झालो. त्यांच्या उशीवर डोकं ठेवलं आणि रिमोट दाबला.

मला काही दिसेना. बाल्कनीच्या दाराचा सगळा उजेड पडद्यावर आलेला. पडदा वर असल्याने तो उजेड नेमका उशीवरून बघणाऱ्याच्या डोळ्यात यायचा, दारात उभं राहणाऱ्याला तो कधीच दिसला नसता. बातम्यांची खालची पट्टी वाचायला हनुवटी वर करून मान ताणावी लागत होती. दोन मिनिटांत माझी मान भरून आली, मी अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो. आणि आबांना तर जास्त वेळ डाव्या कुशीवर ठेवायला सांगितलं होतं. डावीकडे वळलो तर टीव्ही माझ्या खांद्याच्या मागे गेला.

त्यांना परत आणल्यावर मी विचारलं, "आबा, तुम्हाला हे दिसत होतं का हो?"

"ऐकू येतंय की," आबा म्हणाले. "रेडिओवाणी."

"मग सांगितलं का नाही दोन महिने?"

"तुझ्या दुकानातला हाय. पाव्हण्यांना दाखवतूस. कशाला उगं."

(इथे मी थोडा थांबलो होतो, तेव्हा समोरून कोणीतरी पाणी दिलं. त्यांचे आभार.)

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी तो ४३ काढला. ३२ चा आणला, साधा, आणि तो समोर न लावता डावीकडच्या भिंतीला, पुढे ओढता येणाऱ्या हाताच्या स्टँडवर लावला. पडद्याचा मध्य जमिनीपासून तीन फुटांवर, म्हणजे टेकलेल्या माणसाच्या डोळ्याच्या पातळीला. स्टँड पुढे ओढला की उशीपासून पडदा साडेचार फुटांवर यायचा. बाल्कनीचं दार पडद्याच्या पाठीमागच्या बाजूला गेलं, चमक संपली.

आता हिशोब बघा. ४३ चा नऊ फुटांवर म्हणजे अंतर इंचांच्या अडीचपट. ३२ चा साडेचार फुटांवर म्हणजे अंतर १.७ पट. लहान टीव्ही आबांच्या डोळ्याला मोठ्या टीव्हीच्या दीडपट मोठा दिसत होता. मोतीबिंदूच्या डोळ्याला अक्षर वाचता यायला लागलं. आपण दुकानात पडद्याचा इंच बघतो, पण डोळ्याला पडदा किती जागा व्यापतो ते बघतच नाही. आपल्या सोसायटीत अंथरुणाला खिळलेली किंवा जास्त वेळ झोपून असणारी तीन-चार वडीलधारी माणसं आहेत. त्यांच्यासाठी टीव्ही घ्यायचा असेल तर इंच वाढवू नका, टीव्ही जवळ आणा आणि खाली आणा. कुशीवर झोपलं की चित्र आडवं दिसतं, तो प्रश्न मात्र कुठल्याही साइझने सुटत नाही. त्याला डोक्याखाली आणि पाठीमागे उशा देऊन मान सरळ करणं हाच उपाय. आणि लावणाऱ्याने एकदा त्या उशीवर डोकं ठेवून बघावं. दारात उभं राहून "झकास दिसतंय" म्हणू नये.

७ जानेवारी २०२० ला पुण्यात बालेवाडीला महाराष्ट्र केसरीची फायनल होती. आबा जुने कुस्तीचे शौकीन. हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके. आबा नावं वाचत होते, मोठ्याने, मला ऐकू जावीत म्हणून. हर्षवर्धन जिंकला आणि त्याने हरलेल्या शैलेशला खांद्यावर घेतलं. आबांनी ते बघितलं. मला म्हणाले, "बघितलंस का, उचलला त्याला." ऐकलंस का, नाही म्हणाले.

आता थोडं यंत्राचं बोलतो, कारण तरुण मंडळी मागे बसून कधीची फोर-के, फोर-के करतायत.

पडदा ठिपक्यांचा असतो. चांगल्या डोळ्यालाही एका अंशाच्या साठाव्या भागापेक्षा बारीक गोष्ट वेगळी दिसत नाही. त्या हिशोबाने ४३ इंची फुल एचडीचे ठिपके साडेपाच-पावणेसहा फुटांच्या पुढे एकमेकांत मिसळतात. ३२ इंची एचडी रेडीचे सहा फुटांच्या पुढे. तुम्ही बसणार साडेसहा ते नऊ फुटांवर. म्हणजे बेडरूममध्ये ठिपक्यांसाठी फोर-केचे जादा पैसे मोजायची गरज नाही. हल्ली ४३ मध्ये बहुतेक फोर-केच येतात, तर घ्या, त्यांचा पडदा एकूण चांगला असतो. पण ३२ ला ते वेड नको.

उलट गोष्ट कोणी सांगत नाही. घरात साध्या केबलचं किंवा फ्री डिशचं साधं चॅनल असेल तर त्याच्या चित्रात ५७६ च ओळी असतात. त्या ५५ च्या पडद्यावर ताणल्या की चित्र स्वच्छ दिसायला तेरा फूट मागे जावं लागतं. आपल्या बेडरूममध्ये तेरा फूट मागे गेलं की माणूस शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात पोहोचतो. तेच चित्र ३२ वर आठ फुटांवरून बरं दिसतं. म्हणून "एवढा महागाचा घेतला आणि चित्र फाटतंय" अशी तक्रार घेऊन येणाऱ्या काकूंना मी आधी विचारतो, कुठली मालिका, कुठलं चॅनल. सेट बहुतेक वेळा चांगलाच असतो.

शेजाऱ्याचा विषय निघालाच आहे म्हणून. आपल्या बऱ्याच विंगमध्ये दोन बेडरूमच्या मध्ये एकच भिंत आहे, तीही चार इंची. हल्लीच्या पातळ टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात. म्हणजे तुम्ही त्या भिंतीला टीव्ही लावला की पहिला श्रोता शेजारी. सेक्रेटरींच्या फाइलमध्ये यावरून दोन अर्ज आहेत, नावं सांगत नाही, दोघंही समोर बसलेत आणि हसतायत. शक्य असेल तर टीव्ही बाहेरच्या भिंतीला लावा, नाहीतर रात्री दहानंतर हेडफोन.

मुलांच्या खोलीत टीव्ही लावू का, असंही विचारतात. नका लावू. हे दुकानदार सांगतोय.

परत आबांच्या खोलीत येतो आणि थांबतो. मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला. दुकान बंद. २८ मार्चपासून दूरदर्शनवर रामायण परत सुरू झालं, सकाळी नऊला आणि रात्री नऊला. आमच्या हॉलमध्ये मोठा टीव्ही होता. पण पहिल्याच दिवशी आई उठून आबांच्या खोलीत गेली आणि पलंगाच्या कडेला बसली. मग मी गेलो, बायको आली, मुलं आली, भाऊ आणि वहिनी त्या वेळी इथेच अडकले होते, तेही आले. खुर्च्या, सतरंजी, पायथ्याशी मुलगी. जुनं चौकोनी चित्र, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. बत्तीस इंचांतलं खरं चित्र सव्वीस इंचांचंच होतं. आठ जण बघत होतो. आबा सगळ्यात पुढे होते.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मध्येच लाइट गेली. इन्व्हर्टर लागला, टीव्ही परत सुरू झाला. आबा म्हणाले, "तवा बॅटरी उतरायची लय भीती असायची. युद्ध सुरू व्हायचं आन् चित्र बारीक बारीक व्हत जायचं."

मी म्हणालो, "आबा, तुम्ही तर मागे उभे असायचात, तुम्हाला कुठं दिसत होतं?"

ते म्हणाले, "म्हणूनच तर आता बघतोय."

२०२२ च्या पावसाळ्यात आबा गेले. तो ३२ अजून त्याच भिंतीला त्याच स्टँडवर आहे. आता तिथे आई झोपते. ती आबांपेक्षा बुटकी आहे, म्हणून मी तो तीन इंच खाली घेतला.

बरं, दूध उकळलेलं दिसतंय, वास इथपर्यंत आला. येत्या रविवारी सकाळी दहा ते बारा मी टेप घेऊन आधी बी विंग आणि मग सी विंग करणार आहे. ज्यांना मोजून हवंय त्यांनी खाली वॉचमनकडे फ्लॅट नंबर लिहून ठेवा. पैसे नाहीत, चहा चालेल. पलंग आवरला नाही तरी चालेल, फक्त रोज जिथे असते तिथेच उशी ठेवा.